युवा पुरस्कारासाठी कात्रणांची फाईल नको, कामाची वही मागा

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

राज्याच्या युवा धोरणानुसार दर जिल्ह्यात एक युवक, एक युवती आणि एक नोंदणीकृत संस्था यांना जिल्हा युवा पुरस्कार मिळतो. व्यक्तीला 10,000 रुपये, संस्थेला 50,000. रकमेबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती अर्जासोबत जोडायच्या पुराव्यांबद्दल: वृत्तपत्रांची कात्रणं, प्रशस्तिपत्रं, चित्रफिती, फोटो. ज्या गावात वार्ताहर फिरकत नाही, तिथल्या मुलीने काय जोडायचं?

वनराई बंधाऱ्याचंच घ्या, म्हणजे माती-वाळू भरलेल्या गोण्या रचून ओहोळावर घातलेला तात्पुरता बांध. पाऊस ओसरला की ओहोळाची धार बारीक होते आणि बांधायला जेमतेम महिना-दीड महिना मिळतो. सहा मीटर रुंद ओहोळावर मीटरभर उंचीची दुहेरी भिंत घालायची तर सिमेंटच्या दीड-दोनशे रिकाम्या गोण्या लागतात. गोणी तीन चतुर्थांशच भरायची. गच्च भरली की ती गोल होते, शेजारच्या गोणीला चिकटून बसत नाही आणि फटीतून पाणी जातं. विटांसारखी सांधेमोड करत थर लावायचे, दोन भिंतींच्या मध्ये चिकणमाती तुडवून भरायची. मधला भाग कडांपेक्षा वीतभर खाली ठेवायचा, म्हणजे जादा पाणी तिथूनच सांडतं. सगळ्यात जास्त बंधारे फसतात ते टोकांना. काठ खणून भिंत आत नेली नाही, तर पाणी बगलेने वाट काढतं आणि काठासकट सगळं घेऊन जातं. तळातली वाळू न काढता पहिला थर टाकला, तर बंधारा वरून भक्कम दिसतो आणि खालून गळत राहतो.

हे फोटोत दिसत नाही. उद्घाटनाच्या दिवशी नीट बांधलेला आणि पुढे फसणारा, दोन्ही बंधारे सारखेच देखणे असतात. (हातात घमेलं घेतलेल्या फोटोत ते भरलेलं आहे की रिकामं, तेवढं तरी परीक्षकांनी बघावं.)

म्हणून कात्रणांऐवजी एक वही मागा. पहिल्या पानावर कामाआधीचा प्रस्ताव: जागा, गरज, साहित्य, खर्च, ग्रामपंचायतीची संमती आणि तालुका क्रीडा अधिकाऱ्यांची तारखेसह सही. ही सही महत्त्वाची, कारण जाहिरात आल्यावर जुन्या कामांना नवी नावं देण्याची सोय त्याने बंद होते. पुढे रोजची हजेरी, कामाचे तास आणि कुणी काय केलं. जेसीबी आला असेल तर तोही लिहावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकांच्या वर्षाच्या 120 तासांची नोंद ठेवली जाते, तेव्हा ही पद्धत काही नवी नाही.

मग मोजमाप. जवळच्या विहिरीच्या काठावर एक खूण करून तिथपासून पाण्यापर्यंतचं अंतर आठवड्यातून एकदा, पंप सुरू होण्याआधी सकाळी मोजायचं. काम सुरू होण्याआधीचे निदान चार आकडे हवेत, नाहीतर तुलना कशाशी करणार? आणि बंधाऱ्यापासून लांबच्या एका विहिरीचेही आकडे ठेवावेत. दोन्ही विहिरी सारख्याच खाली गेल्या, तर तसंच लिहावं. असा प्रामाणिक आकडा आणणाऱ्याला गुण कापू नयेत, उलट द्यावेत.

नेतृत्वाचं म्हणाल तर हजेरीची पानंच बोलतात. प्रमुख गैरहजर असलेल्या दिवशी काम झालं का? दुसऱ्या कुणाच्या अक्षरातल्या नोंदी आहेत का? उन्हाने गोण्या विरतात आणि त्यांचे धागे ओहोळात जातात, तेव्हा पावसाळ्याआधी त्या कोण उचलणार, याचं लेखी उत्तर ग्रामपंचायतीच्या सहीने शेवटच्या पानावर असावं. निकालापूर्वी, मे महिन्यात, जिल्हा क्रीडा कार्यालयातल्या कुणीतरी वही घेऊन जागेवर एक चक्कर मारावी. अंतिम यादीतली दोन-चार कामं बघायला दोन दिवस पुरतात.

वहीचा नमुना आठ पानांत बसतो. यंदाचा पाऊस ओसरण्याआधी तो तालुका क्रीडा कार्यालयांत पोचला, तर याच हंगामातल्या बंधाऱ्यांची नोंद पहिल्या दिवसापासून होईल.

आपले,
श्रमदानाच्या कामांवर देखरेख करणारे कार्यकर्ते