दुसरी गोळी लागली म्हणजे बीपी हाताबाहेर गेलं असं नाही

मा. संपादक,

माझ्या आईला नऊ वर्षांपासून बीपी आहे. आधी अॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी ५ मिलिग्रॅम चालू होती, बीपी उतरेना म्हणून १० केली तर घोटे इतके सुजले की चपलेत पाय जाईना. मग डॉक्टरांनी परत ५ वर आणली आणि जोडीला टेल्मिसार्टन ४० दिली. आईने ती नवीन गोळी दोन महिने घेतलीच नाही, डब्यात तशीच! कुणीतरी तिला सांगितलेलं की दुसरी गोळी लागली म्हणजे केस बिघडली, आता किडनी जाणार. एक दिवस गरगरून खाली बसली, बीपी पाहिलं तर १९०/११०, तेव्हा कुठे आम्हाला कळलं.

खरं तर एकाच गोळीचा डोस डबल केला की फायदा थोडासाच वाढतो पण सूज वगैरे त्रास वाढतो, त्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने काम करणारी दुसरी गोळी कमी डोसमधे जोडली तर बीपी जास्त उतरतं. टेल्मिसार्टनमुळे तर अॅम्लोडिपिनची सूजही कमी होते, आईची झालीच. आपल्याच देशात टॉपस्पिन नावाचा अभ्यास झाला, ३२ हॉस्पिटलं, जवळपास २००० पेशंट, दोन औषधं एकाच गोळीत, तीन वेगवेगळ्या जोड्या, आणि तिन्ही जोड्या सारख्याच लागू पडल्या, सहा महिन्यांत १०० पैकी साधारण ७० जणांचं बीपी १४०/९० च्या खाली आलं.

अर्थात जोडी डॉक्टरनेच ठरवायची. टेल्मिसार्टन आणि रामिप्रिल (ही पण बीपीचीच गोळी) सहसा एकत्र देत नाहीत, किडनीला त्रास होतो. आणि गुडघेदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून खाणाऱ्यांनी तर बीपीच्या डॉक्टरला ते सांगायलाच हवं, हे आमच्याकडे कुणीच सांगत नाही.

माझी मागणी एवढीच की सरकारी दवाखान्यात ही टू-इन-वन गोळी मिळावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मधेच अशा जोडगोळ्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्यात, आमच्या इथे मात्र अजून दोन वेगळ्या पुड्या हातात देतात आणि घरी आल्यावर म्हातारी माणसं त्यातली एक बाजूला ठेवतात. तुमच्या आरोग्य पुरवणीत यावर एखाद्या डॉक्टरांकडून सोप्या भाषेत लिहून घ्या ना, आई ती पुरवणी चष्मा लावून पूर्ण वाचते.

एक वाचक, सातारा