‘आधी मोजा’ म्हणणाऱ्या सरांचे जाहीर आभार

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

गेल्या वर्षी आमच्या डेटाबेस सर्व्हरमधल्या एसएसडींची (फ्लॅश चिपवर माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हची) काळजी वाटून मी आपल्याला घाबऱ्याघुबऱ्या फोन केला होता. त्यानंतर आपण आपल्या तीन संध्याकाळी माझ्यासाठी खर्ची घातल्या आणि मी मात्र नीट आभारही मानले नाहीत. नवे ड्राइव्ह बसवून आता आठ महिने झाले आहेत आणि आपण मांडलेला हिशेब प्रत्यक्ष आकड्यांशी जुळतो आहे, म्हणून ती राहिलेली गोष्ट आज पूर्ण करतो.

त्या सर्व्हरमध्ये घरगुती संगणकासाठीचे १ टेराबाइटचे दोन ड्राइव्ह मीच बसवले होते, हे आपल्याला सांगताना मला संकोच वाटला होता. आपण त्यावरून एक शब्दही बोलला नाहीत. ६०० टेराबाइट लेखनाची हमी असलेल्या त्या ड्राइव्हच्या, हमीतले किती टक्के आयुष्य वापरले गेले ते सांगणाऱ्या ‘पर्सेंटेज यूज्ड’ या नोंदी चौदा महिन्यांत ९१ आणि ९२ वर पोहोचल्या होत्या. दोन्ही ड्राइव्ह मिररमध्ये, म्हणजे एकमेकांची प्रत म्हणून, असल्यामुळे माहिती सुरक्षित आहे, अशा समजुतीत मी होतो. पण मिररमधल्या दोन्ही ड्राइव्हवर तेच आणि तेवढेच लिहिले जाते, त्यामुळे ते झिजतातही बरोबरीनेच, हे आपण एका वाक्यात दाखवून दिलेत. हा आकडा १०० झाला म्हणजे ड्राइव्ह त्याच दिवशी बंद पडतो असे नाही, तो २५५ पर्यंत जाऊ शकतो, मात्र १०० नंतर निर्मात्याची हमी उरत नाही, हेही आपण सांगितलेत आणि त्यामुळे मला निदान शांतपणे विचार करता आला.

मी तेव्हा १० डीडब्ल्यूपीडीचे, म्हणजे हमीच्या काळात रोज आपल्या क्षमतेच्या दहापट लेखन सोसणारे ड्राइव्ह मागवायच्या बेतात होतो. आपण विचारलेत, “रोज किती लिहिले जाते?” माझ्याकडे उत्तर नव्हते. मग आपल्या सांगण्यावरून मी दोन आठवडे रोज एकाच वेळी, ड्राइव्हवर एकूण किती लिहिले गेले ते सांगणारी ‘डेटा युनिट्स रिटन’ ही नोंद टिपली, आणि ते दोन आठवडे महिनाअखेर धरूनच निवडले. या नोंदीतले एक एकक ५,१२,००० बाइटचे असते, हे आपण आधीच बजावले नसते तर मी ते ५१२ बाइटचे धरून हजारपटीने चुकलो असतो. सरासरी निघाली रोजची १.३ टेराबाइट आणि महिनाअखेरीचा सर्वांत जड दिवस होता २.१ टेराबाइटचा. ३.८४ टेराबाइटचा, केवळ १ डीडब्ल्यूपीडीचा ड्राइव्ह पाच वर्षांत सुमारे ७,००८ टेराबाइट लेखन सोसतो. आमची गरज त्याच काळात २,४०० टेराबाइटच्या आसपास होती. ज्याला मी कमी दर्जाचा समजून बाजूला ठेवले होते, तोच वर्ग आम्हाला जवळजवळ तिपटीने पुरत होता.

वारंवार लागणारा डेटा तात्पुरता ठेवणाऱ्या कॅशे सर्व्हरचे गणित मात्र निराळे निघाले. तिथे रोज ४ टेराबाइट लिहिले जात होते, म्हणून आपण ३.२ टेराबाइटचा, ३ डीडब्ल्यूपीडीचा ड्राइव्ह सुचवलात. ३.२ आणि ३.८४ या दोन्ही ड्राइव्हमध्ये बहुतेक वेळा तितकीच नँड फ्लॅश (माहिती साठवणारी चिप) असते, पहिल्यात तिचा अधिक भाग राखीव ठेवलेला असतो एवढेच, हे ऐकून मी थक्क झालो होतो. फ्लॅशमध्ये लेखन पानापानाने होते, पण पुसायचे झाले तर अनेक पानांचा अख्खा ब्लॉक पुसावा लागतो; मोकळी जागा जितकी जास्त, तितकी जिवंत (अजून कामाची) पाने इकडून तिकडे हलवण्याची यातायात कमी, आणि सर्व्हरने लिहिलेल्या एका बाइटमागे फ्लॅशवर प्रत्यक्ष होणारे लेखनही कमी. टिकाऊपणा म्हणजे जास्त चांगली चिप, ही माझी कल्पना त्या संध्याकाळी मोडली.

पण माझ्या मते आपला सर्वांत मोलाचा सल्ला टिकाऊपणाच्या आकड्याबद्दल नव्हताच. “वीज गेल्यावर काय होते ते आधी पाहा,” असे आपण म्हणालात. डेटाबेस प्रत्येक व्यवहार पक्का करताना ड्राइव्हला फ्लशची, म्हणजे डेटा वीज गेली तरी टिकेल असा करण्याची, आज्ञा देतो. ज्या ड्राइव्हवर वीज गेल्यास हाती घेतलेले लेखन पुरे करण्यापुरती ऊर्जा साठवणारे कपॅसिटर नसतात, त्याला ती आज्ञा पाळण्यासाठी डेटा खरोखर फ्लॅशवर उतरेपर्यंत थांबावे लागते, आणि पुष्कळदा अर्धवट भरलेली पानेही लिहून टाकावी लागतात. कपॅसिटर असलेला ड्राइव्ह डेटा आपल्या मेमरीत सुरक्षित धरून लगेच होकार देऊ शकतो आणि लहान लहान लेखने एकत्र करून मग उतरवतो. आमच्या जुन्या ड्राइव्हची झीज कशाने वाढत होती आणि व्यवहार अधूनमधून का रेंगाळत होते, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडले. मी तोवर या सोयीकडे केवळ विमा म्हणून पाहत होतो.

आणखी एक चूक आपण वेळीच थांबवलीत. काढलेले ड्राइव्ह जादा बॅकअप म्हणून कपाटात ठेवण्याचा माझा विचार होता. जेडेक या सेमीकंडक्टर उद्योगातील मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकानुसार, हमीचे लेखन पूर्ण झालेल्या घरगुती वर्गाच्या ड्राइव्हने विजेशिवाय ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष डेटा टिकवणे अपेक्षित असते, आणि सर्व्हर वर्गाच्या ड्राइव्हने ४० अंशांना केवळ तीन महिने, असे आपण सांगितलेत. सर्व्हरचा ड्राइव्ह सतत चालू राहणार हे त्यात गृहीत धरलेले आहे, हे कळल्यावर पटते. तोवर मी उलटेच समजत होतो. तो बॅकअप आता टेपवर जातो.

नव्या जोडीतले दोन ड्राइव्ह आपल्या सूचनेप्रमाणे वेगवेगळ्या उत्पादन-तुकड्यांतले घेतले आहेत. डेटाबेस सर्व्हरवर ‘पर्सेंटेज यूज्ड’ आज ४ आहे आणि कॅशे सर्व्हरवर ५. आपण घालून दिलेला तक्ता मी अजून भरतो. त्यात महिनाअखेरीच्या दिवसांसाठी एक वेगळा रकाना वाढवला आहे आणि गेल्या दोन महिन्यांत त्या रकान्यातला आकडा २.६ टेराबाइटपर्यंत चढला आहे. तक्ता या पत्रासोबत पाठवत आहे. सवड होईल तेव्हा त्यावरून एकदा नजर फिरवावी, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
एक जुना कनिष्ठ सहकारी