780 च्या आधीचे देवी

मा. संपादक, नमस्कार.

भाषांचे अभ्यासक गणेश देवी यांच्याबद्दल पेपरात काही आलं की तोच त्यांच्या सर्वेक्षणातल्या 780 भारतीय भाषांचा आकडा, पद्मश्री, फार तर 2015 ला साहित्य अकादमीचा पुरस्कार परत केला ते. पण तो पुरस्कार मुळात कशाला मिळाला होता हे कोणी लिहितच नाही, म्हणून हे पत्र.

1992 ला त्यांचं 'आफ्टर ॲम्नेशिया' हे समीक्षेवरचं इंग्रजी पुस्तक आलं, पुरस्कार त्याला. माणूस भोरचा, बडोद्याला इंग्रजी शिकवायचा, आणि म्हणणं काय तर इंग्रजी राजवटीत आपल्या समीक्षेची स्मृतीच गेली, आता आपल्याला एकतर संस्कृत आठवतं नाहीतर युरोप, मधली देशी भाषांची शेकडो वर्षं गायब. मला हे एकदम पटलं कारण माझ्या एमएच्या नोट्समध्ये (कॉलेजचं नाव नको) संस्कृतातलं भरताचं रससूत्र होतं, ॲरिस्टॉटलचं कॅथार्सिस (भावनांचं विरेचन) होतं, पण ज्ञानेश्वर नव्हते. 'अमृतातेंही पैजा जिंके' ही ओवी आपण 27 फेब्रुवारीच्या बॅनरपुरती ठेवलीय, आणि तिथूनच दोन ओव्या पुढे ते म्हणतात की बोलाच्या रसाळपणाच्या लोभाने कानांनाच जिभा फुटतील, इंद्रियांची आपसात भांडणं लागतील. आता हा रसाचा विचार नाही तर काय आहे? पण आपण त्याला भक्ती म्हणून बाजूला ठेवतो, विषय संपला.

देवींनी हे सगळं इंग्रजीत लिहिलं याची गंमत वाटते खरी. पण मराठीत लिहिलं असतं तर इंग्रजीवाल्या प्राध्यापकांनी हातात तरी घेतलं असतं का, ते पण आहेच.

पुढे 1996 ला त्यांनी बडोद्यात काढलेली 'भाषा' संस्था, मग गुजरातेतल्याच तेजगढची आदिवासी अकादमी, मग 2010 पासून भाषांचं लोकसर्वेक्षण. 1971 पासून जनगणनेत दहा हजारांहून कमी लोक बोलतात त्या भाषांची नावं स्वतंत्र देणंच बंद झालं, म्हणजे त्या 780 मागेही तीच विसरण्याची गोष्ट आहे, फक्त आता समीक्षकांऐवजी सरकार विसरलंय.

आमच्या बुलढाण्यात जळगाव जामोदच्या बाजूला निहाली बोलणारी माणसं आहेत. मोजकीच. तिचं कुठल्याच भाषाकुळाशी नातं लागत नाही, अभ्यासकांना जगभर माहितीये आणि खामगावात विचारलं तर लोक म्हणतात ही कुठली भाषा. अरुण जाखडेंनी संपादित केलेला सर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड मराठीतच आहे, तो समोर ठेवून रविवारच्या पुरवणीत दर आठवड्याला एका भाषेवर अर्धं पान द्या ना. सुरुवात निहालीपासून करा, आणि जमलं तर बातमीदार जामोदला पाठवा, फोनवर नका उरकू.

आपला एक वाचक,
खामगाव