थोडंच चालता येणाऱ्यांचं मालवण

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला आणि त्यात आमचा सिंधुदुर्गही आला. मालवणातल्या गर्दीबद्दल आपल्या अंकात वरचेवर वाचते. पार्किंग, कचरा, पाणी, हॉटेलांचे दर, सगळं येतं. ज्याला चालता येतं पण थोडंच, अशा माणसाबद्दल मात्र कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

मी मालवणचीच. संधिवाताने दोन्ही गुडघे धरलेत. काठी घेऊन शे-दीडशे पावलं चालते, मग कुठेतरी टेकावंच लागतं. घरातल्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो, त्यामुळे माझ्यासारखी माणसं बरीच भेटतात. कोणी पक्षाघातातून सावरलेलं, कोणाचा खुबा बदललेला, कोणाला चार पावलांत धाप लागते, कोणाचा पाय लहानपणीच्या पोलिओने अधू. यातल्या बहुतेकांना व्हीलचेअर लागत नाही, पण जिनाही झेपत नाही. दिव्यांग प्रमाणपत्र बरेचदा नसतंच, कारण सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं आणि म्हातारपणी झिजलेले गुडघे मोजून घ्यायला कोण जातंय? अशी माणसं एकटी नसतात. मुलंनातवंडं सोबत असतात, आणि आजीला जमणार नाही म्हटलं की एक जण तिच्यापाशी खोलीवर थांबतो.

ही माणसं आता जास्त फिरू लागली आहेत, आणि ते चांगलंच आहे. २०२२ पासून एसटीत पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला, पासष्टच्या पुढे निम्मं तिकीट होतंच, आणि २०२३ पासून सगळ्या बायकांनाही निम्मं तिकीट. गाडीची पहिली पायरी मात्र होती तेवढीच उंच आहे.

पहिलं मागणं अगदी साधं आहे. बसायला जागा द्या. मालवणची बाजारपेठ जुनी, रस्ता अरुंद, दुकानांच्या पायऱ्या थेट रस्त्याला लागलेल्या. मे महिन्यात आणि डिसेंबरअखेरीस त्यातूनच मोटारी, रिक्षा, दुचाक्या आणि माणसं जातात. धडधाकट माणूस गाडी आली की पटकन बाजूला होतो. काठीवाल्याला पटकन काही करता येत नाही, तो गटारावरच्या हलत्या लादीवर पाय टाकतो. दर शंभर पावलांवर एक बाक असला तर माझ्यासारखीला अख्खा बाजार फिरता येईल. पण बाक म्हणजे कसाही बाक नव्हे. सुशोभीकरणात बांधतात ते बुटके कट्टे आमच्या काही कामाचे नाहीत. त्यांवर बसता येतं, उठता येत नाही. बसायची जागा गुडघ्याच्या जरा वर हवी, पाठीला टेकण हवं आणि दोन्ही बाजूंना हात हवेत, कारण उठताना सगळा भार हातांवर येतो. बाक विकतच घ्यायला हवा असं नाही. एखाद्या दुकानदाराने दारात हात असलेली एक खुर्ची ठेवली तरी केवढा आधार होतो. आमच्या बाजारातले काही जण आपणहून खुर्ची पुढे करतात, त्यांचे उपकार कधी विसरणार नाही.

उतारांबद्दलही थोडं. पुष्कळ दारांपुढे हल्ली सिमेंटचा उतार दिसतो, पण तो स्कूटर चढवायला केलेला असतो. माणसाच्या उताराला एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबी लागते. तेवढी जागा नसेल तर उतार नकोच. त्यापेक्षा बुटक्या पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना कठडा बरा. दोन्ही बाजूंना एवढ्यासाठी की कोणाचा डावा पाय दुखतो, कोणाचा उजवा, आणि चढताना धरलेली बाजू उतरताना उलटी होते. चिऱ्याच्या पायऱ्या पावसाळ्यात शेवाळतात हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. तिथे तर कठड्याशिवाय पाय टाकायची सोयच नाही.

आता किल्ला. धक्क्यावरून होडीत पाय टाकणं ही आमच्यासाठी सगळ्यांत अवघड गोष्ट. धक्का स्थिर, होडी लाटेबरोबर वरखाली. खलाशी भले असतात, दोन्ही बाजूंनी दंड धरतात, "काकी, पाय टाका, काय होवचा नाय" म्हणतात. पण सुक्तीला, म्हणजे ओहोटीला, पाणी खाली गेलेलं असतं, होडीची कड धक्क्याच्या कितीतरी खाली असते, आणि तेवढा पाय खाली सोडणं ज्याचा गुडघा वाकत नाही त्याला शक्यच नसतं. भरतीचं पाणी धक्क्याच्या वरच्या पायऱ्यांना लागलेलं असताना तीच होडी जवळजवळ पायाच्या पातळीला येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हा चढउतार मोठा असतो, अष्टमीच्या भांगात कमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास, चतुर्थीला तीनच्या सुमारास. दर्यावर्दी हे सगळं जाणतात, पण पुण्याहून आलेल्या आजोबांना कोण सांगणार? तिकिटाच्या खिडकीपाशी रोज खडूने एक ओळ लिहावी : आज या वेळेत होडीत चढणं सोपं. खर्च शून्य. सोबत धक्क्यावर एक पक्का खांब किंवा कठडा असावा. माणसाचा हात निसटतो, लोखंड निसटत नाही.

किनाऱ्यावर हिशोब उलटा. तारकर्लीला किंवा चिवल्याला कोरड्या वाळूत काठी रुतते, पाय वळतो आणि दहा पावलांत दम निघतो. ओहोटीला पाण्यालगतची ओली वाळू घट्ट असते, तिथे मी पुष्कळ चालू शकते. प्रश्न फक्त रस्त्यापासून तिथवर पोहोचायचा, म्हणजे मधल्या मऊ वाळूच्या पट्ट्याचा. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर २०२२ साली त्यासाठी लाकडी मार्ग केला. काही दिवसांतच वादळाने त्याची मोडतोड झाली, तरी तो दुरुस्त करून पुन्हा वापरात आणला. आपल्याकडे पावसाळ्यात समुद्र वाळूच खेचून नेतो, तेव्हा कायमचं बांधकाम नकोच. मे संपला की गुंडाळून ठेवता येईल अशी जाड चटई किंवा फळ्या पुरतील. आणि रिक्षाला किनाऱ्याच्या तोंडापर्यंत येऊन माणूस उतरवू द्यावा, मग लगेच निघून जावं. गर्दीच्या दिवसांत गाड्या लांब अडवतात ते बरोबरच आहे, पण रिक्षावाला "काकी, थयसर गाडी जाउची नाय" म्हणतो तेव्हा माझं फिरणं तिथेच संपतं.

ज्यांना होडी जमणारच नाही त्यांच्यासाठी मोरयाचा धोंडा आहे. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा केली ती ही जागा. समोर कुरटे बेटावर सगळा तट दिसतो. किल्ल्याचा विस्तार ४८ एकर आणि तटाचा फेरा सुमारे तीन किलोमीटर, तो आमच्याच्याने होणार नाहीच. पण तिथे सावलीत टेकणाचे चार बाक आणि किल्ल्याची माहिती सांगणारा फलक असला तर आजी-आजोबांना नातवंडांना काहीतरी दाखवता येईल.

स्वच्छतागृहांबद्दल एकच सांगते. उकिडवं बसता येत नाही म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि कोकणातल्या उन्हात त्याचे परिणाम डॉक्टरांना विचारा. निदान एक कमोड आणि त्याशेजारी भिंतीत धरायला दांडा, एवढं प्रत्येक पर्यटनस्थळी हवं.

हे उपकार म्हणून मागत नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सार्वजनिक जागा सुगम करायला सांगतो. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी न ठेवता बंधनकारक करा असं केंद्र सरकारला बजावलं आणि त्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली. आपला जिल्हा तर १९९७ पासून पर्यटन जिल्हा आहे.

पण सगळं सरकारवर सोडायचं कारण नाही. खोल्या देणारे आम्ही सगळे जाहिरातीत समुद्र किती जवळ आहे हे लिहितो, पायऱ्या किती आहेत हे लिहीत नाही. पाहुणा सामान घेऊन दारात उभा राहतो तेव्हा त्याला जिना दिसतो. प्रत्येकाने एकदा आपल्या घराच्या पायऱ्या मोजाव्यात आणि फोनवर विचारायच्या आधीच सांगाव्यात. आमच्या घराचं सांगते : अंगणातून ओटीवर तीन पायऱ्या, चढताना उजव्या हाताला कठडा, डावीकडचा अजून बसवायचा आहे. एक खोली खालीच, कमोड आहे, दांडा आहे, आणि रिक्षा थेट तुळशीपर्यंत येते.

आपली,
एक वाचक
धुरीवाडा, मालवण