विमान ओळखणारा माइक जरूर बनवा, पण त्याला शहराचा पहारेकरी करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

७ मे २०२५ ला मॉक ड्रिलचे भोंगे वाजले, तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'घरच्या घरी ड्रोन अलार्म' टाइपचे व्हिडिओ फिरतायत ते अजून थांबले नाहीत. पेपरातही अधूनमधून वाचायला मिळतं की कुठल्यातरी कॉलेजच्या मुलांनी माइक लावून येणारं विमान ओळखणारं यंत्र बनवलं आणि आता म्हणे काळजी नको. मी असा सेन्सर बनवून घाटकोपरला आमच्या गॅलरीत लावलाय म्हणून लिहितोय. वस्तू झकास आहे, हजार रुपयांच्या आत होते, शाळेतल्या पोरांनी तर करावीच. पण तिच्याकडून काय होतं नि काय होत नाही हे कोणी सांगत नाही.

सगळा खेळ वेगाचा आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका किलोमीटरला जवळजवळ तीन सेकंद. लँडिंगला आलेलं विमान सेकंदाला ७० मीटरच्या आसपास असतं, त्यामुळे ३ किलोमीटरवरचा त्याचा आवाज माझ्या माइकपर्यंत पोचायला नऊ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ते सहाशे मीटर पुढे आलेलं असतं. ठीक आहे, चालतं. आता हेच सेकंदाला २५० मीटरने जाणारं जेट दहा किलोमीटरवर धरा, आवाज येईपर्यंत ते सात किलोमीटर पुढे आलेलं असतं, मग तुम्ही काय भोंगा वाजवणार आणि लोक कुठे पळणार!

इंग्लंडने हा अनुभव आधीच घेऊन ठेवलाय. केंटच्या किनाऱ्यावर डेंज इथे १९२८ ते १९३० मध्ये काँक्रीटचे तीन प्रचंड 'ध्वनी-आरसे' बांधले, एक २० फुटी, एक ३० फुटी आणि तिसरी तर २०० फूट लांबीची वाकडी भिंत, समुद्रावरून येणाऱ्या विमानांचा आवाज गोळा करून माइकवर पाडायचा आणि माणसाने कान लावून बसायचं. हळू विमानांच्या जमान्यात त्याने काही मिनिटांची सूचना मिळायची. विमानं वेगवान झाली तशी ती मिनिटं आटत गेली आणि २६ फेब्रुवारी १९३५ ला इंग्लंडातच डेव्हेंट्रीजवळ रेडिओलहरींनी (म्हणजे पुढच्या रडारच्या तत्त्वाने) विमान पकडून दाखवल्यावर आरशांचं काम संपलंच. ते आरसे अजून तिथे उभे आहेत.

मग युक्रेनमध्ये कसं चालतं, हा प्रश्न मला हटकून विचारतात. तिथे खांबांवर माइक आणि मोबाइल लावून हजारो सेन्सरचं जाळं केलंय, एकेकाचा खर्च चार-पाचशे डॉलर सांगतात. ते चालतं कारण समोरून येणारा रशियाचा शाहेद ड्रोन ताशी १८० किलोमीटरच्या आसपास जातो, म्हणजे आवाजाच्या जेमतेम सातव्या हिश्शाने, आणि त्याचं पिस्टन इंजिन जुन्या लुनासारखं फटफटत येतं. शिवाय जाळं आहे, एका खांबाने ऐकलं की पुढच्याला आणि बंदूकवाल्यांना कळतं. गॅलरीतला एकटा डबा म्हणजे ते जाळं नव्हे.

आता बनवायचं म्हणाल तर. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात 'साउंड सेन्सर' मागितला की निळ्या स्क्रूचं एक छोटं मॉड्यूल हातात देतात, ते घेऊ नका, ते टाळी वाजली की दिवा लावायच्या कामाचं, आवाज मोठा की छोटा एवढंच सांगतं, त्याला कुकरची शिट्टी आणि बोइंग सारखंच. आयएनएमपी४४१ हा डिजिटल माइक आणि ईएसपी३२ बोर्ड (प्रोग्रॅम करता येणारा छोटा संगणकच) घ्या. बोर्डावर एफएफटी, म्हणजे आवाजातले जाड-बारीक सूर वेगळे करणारं गणित, चालवून आवाजाचे पट्टे वेगळे करायचे आणि बघत राहायचं. इथेच खरी मजा आहे. हवा बारीक, उंच सुराचा आवाज लवकर खाते आणि जाड आवाज लांबवर पोचतो, म्हणून लांबचं विमान नुसतं घरघरतं आणि जवळ येईल तसतशी वरची सूंऽऽ त्यात मिसळत जाते. तर नुसत्या मोठेपणावर जाऊ नका, खालचा पट्टा दहा-पंधरा सेकंद सलग चढतोय आणि मागोमाग वरचा पण चढतोय असं दिसलं तरच 'येतंय' म्हणा. बस, रिक्षा, कुत्रं यांचा चढ इतका सावकाश नसतो. लोकल कधीकधी फसवते.

माइकवर स्पंजची टोपी हवीच, नाहीतर वारा खालच्या पट्ट्यात घुसून कायमचं विमान दाखवतो. पावसाळ्यात वर पत्रा असेल तर सेन्सर गुंडाळून ठेवा सरळ. आणि पडताळायला फोनवर फ्लाइटरडार हे ॲप उघडून बसायचं, त्यात विमान कुठे आहे दिसतं आणि आवाज मागून किती सेकंदांनी येतो हेही मोजता येतं, नववीच्या मुलाला ध्वनीचा वेग शिकवायला याच्यापेक्षा चांगला प्रयोग मला तरी माहीत नाही. दोन माइक मीटरभर अंतरावर लावले तर दोघांमधला फरक जास्तीत जास्त तीन मिलिसेकंद येतो, तेवढ्यावरून दिशेचा अंदाज पण निघतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. गॅलरीतला माइक शेजारच्या काकूंचं फोनवरचं बोलणंही ऐकतो. म्हणून रेकॉर्डिंग ठेवायचंच नाही, फक्त आकडे ठेवायचे, पट्टा आणि वेळ, बाकी सगळं बोर्डावरच पुसून टाकायचं. शाळेत करताना सरांनी हे आधी शिकवावं आणि मग कोड.

आमच्याकडे पूर्वेकडून उतरणारी विमानं डोक्यावरून जातात. तीन अंशांच्या उतारावर, धावपट्टीच्या अडीच किलोमीटर अलीकडे म्हणजे जेमतेम दीडशे मीटर उंची. अशा वस्तीत या सेन्सरचा खरा उपयोग रात्री किती वाजता किती विमानं गेली याची वही ठेवण्यासाठी आहे. तो कॅलिब्रेट केलेला, म्हणजे प्रमाणित यंत्राशी ताडून घेतलेला, नसतो त्यामुळे त्याचे डेसिबल घेऊन कुणाशी भांडू नका, पण वेळा खऱ्या असतात. नवी मुंबईचं विमानतळ आता सुरू झालंय, तेव्हा उलवे-पनवेलकडच्या लोकांनाही अशी वही कामाला येईल.

तुमच्या विज्ञान पुरवणीत जागा असेल तर जोडणीची आकृती आणि कोड मी फुकट देतो, मराठीत समजावून. फक्त वर 'शत्रूची विमानं ओळखा' असलं हेडिंग टाकू नका.

आपला,
एक वाचक, घाटकोपर (प.)