शिबिराच्या सगळ्या व्हॉलंटियर्ससाठी, पोरांच्या बाबतीत नीट वाचा

नमस्कार मंडळी, सोमवारपासून विद्यापीठाच्या कॅम्पसवर शाळकरी पोरांचं शिबिर सुरू होतंय, चोपडा, यावल, पारोळ्यापासून पार अक्कलकुव्यापर्यंतची पोरं येतायत आणि बरीचशी पहिल्यांदाच घराबाहेर राहणार. कोणत्याही पोरासोबत एकट्याने बंद खोलीत बसायचं नाही, दार उघडं ठेवा नाहीतर जोडीला कुणी घ्या. मुलींच्या हॉस्टेलवर रात्री दोन ताया हव्यातच. पर्सनल नंबरवरून मेसेज नको.

मागे एका शिबिरात घ्यायला आलेल्या काकासोबत सातवीतला पोरगा सोडून दिला, फॉर्मवर त्यांचं नावच नव्हतं, आणि अर्ध्या तासाने बाप गेटवर हातात फॉर्मची झेरॉक्स घेऊन उभा. पोरगा घरी सुखरूप होता, पण त्या बापाचा चेहरा मी अजून विसरलो नाहीये. म्हणून फॉर्मवरचं नाव बघा, ओळखपत्र बघा, पालकांना फोन लावा, रजिस्टरवर सही घ्या, मगच सोडा, मागे कितीही रांग लागू द्या.

पोरानं काही वाईट घडल्याचं सांगितलं तर शांतपणे ऐका, खोदून खोदून विचारू नका आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन तर अजिबात देऊ नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांवरचा लैंगिक अत्याचार माहीत असून पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे, त्यामुळे आपसात मिटवायचं नाही. चाइल्डलाइन १०९८, चोवीस तास. पोराचं नाव ग्रुपवर टाकायचं नाही.

आणि दुपारी १२ ते ४ मैदानावर कुणी नको, आपल्याकडचं ऊन माहितीये ना.