आई-बाबा, जपानला यायच्या आधी हे वाचा, आणि काही लपवू नका

ती. बाबा आणि आई,
सा. न.

दुपारची वेळ आहे, तुम्ही दोघं आत पडलायत आणि मी पुढच्या खोलीत बसून हे मोबाइलवर टाइप करतेय. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मी सोलापूरहून निघणार. तिकडे गेल्यावर फोनवर सांगायचं म्हटलं तर बाबांना नीट ऐकू येत नाही, आईला सांगितलेलं बाबांपर्यंत पोचताना अर्धं गळून जातं, आणि व्हॉट्सअपवर टाकलं तर गुड मॉर्निंगच्या फोटोंखाली दबतं. म्हणून चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात दोन प्रिंट काढून ठेवतेय, एक पासपोर्टच्या फाइलमध्ये आणि एक देवघराच्या खालच्या खणात.

पहिलं म्हणजे व्हिसा. काल जेवताना बाबा म्हणाले की आलो की सहा महिने राहू, उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही काढू. बाबा, तसं होत नाही हो. नातेवाइकांना भेटायचा व्हिसा जास्तीत जास्त ९० दिवसांचा मिळतो. आणि मी कितीही वर्षं तिकडे नोकरी केली तरी माझ्या साध्या नोकरीच्या व्हिसावर नवरा आणि मुलं यांनाच कायम सोबत ठेवता येतं, आई-वडिलांना नाही. हे मला आधी माहीत नव्हतं, कळलं तेव्हा फार वाईट वाटलं होतं, आजही वाटतं. म्हणून हे ९० दिवस मला पुरेपूर हवेत. बोलावण्याचं पत्र, हमीपत्र, कुठल्या दिवशी काय करणार त्याचा तक्ता आणि माझ्या पत्त्याचा दाखला हे सगळं मी तिकडून पाठवते, तुम्ही फक्त फोटो आणि पासपोर्ट तयार ठेवा. आणि आई, तू जे म्हणालीस ना की तिकडे आपल्या लोकांना शेंगापोळ्या करून विकेन, चार पैसे मिळतील, ते मनातून काढून टाक. या व्हिसावर पैसे घेऊन कुठलंही काम करता येत नाही, घरगुतीसुद्धा नाही. करून खायला घाल, वाट, पण पैसे नको.

आता बॅग. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा जपानला गेले तेव्हा आईने माझ्या बॅगेत कपड्यांच्या मधे कढीपत्त्याची जुडी आणि चार कैऱ्या घातल्या होत्या, मला न सांगता, मायेनं. विमानतळावर सामानाच्या पट्ट्याजवळ उभी होते तर एक छोटा बीगल कुत्रा आला, अंगात हिरवा कोट घातलेला, माझ्या बॅगेला एकदाच नाक लावलं आणि शांतपणे बाजूला बसला. भुंकला नाही, काही नाही, नुसता बसला आणि आपल्या बाईंकडे बघत राहिला. बसणं हीच त्याची खूण असते. फॉर्मवर तर मी फळं-भाज्या नाहीत असं लिहिलेलं. बॅग उघडली, माझी नऊवारी बाहेर, तुझा फराळाचा डबा बाहेर, आणि त्या बाईंनी कढीपत्त्याची जुडी दोन बोटांनी उचलून पिशवीत घातली. ओरडल्या नाहीत, पण मी इतकी थरथरत होते की सही धड करता आली नाही. तिकडे ताजी फळं, भाज्या, पानं, बिया सरकारी रोग-तपासणीच्या सर्टिफिकेटशिवाय आणता येत नाहीत, आणि नियम मोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ३० लाख येनपर्यंत दंड लिहिलेला आहे. मला सोडून दिलं ते माझं नशीब. मांस आणि मांसाचे पदार्थ पण बंद, आपण खात नाही म्हणून तो प्रश्न नाही.

मग काय आणायचं? शेंगा चटणी आणा, भरपूर आणा, कडक भाकरी आणा (फोडून नको, अख्ख्या, वर्तमानपत्रात गुंडाळून), भाजलेलं, तळलेलं, मसाला चालतो. पण फॉर्मवर खाण्याचं सामान आहे असं लिहायचं, विचारलं तर डबा उघडून दाखवायचा. दाखवलं की जास्तीत जास्त ते काढून ठेवतील, लपवलं की गुन्हा. बाकी डाळी, पीठ, मोहरी, हिंग सगळं निशिकासाईला मिळतं, माझ्या घरापासून चार स्टेशनं. टोकियोच्या एदोगावा नावाच्या भागात आहे ते, आपली आयटीवाली मंडळी तिथे वीस-पंचवीस वर्षांपासून राहतात. त्याच एदोगावाच्या स्थानिक सभेवर २०१९ मध्ये आपला मराठी माणूस, योगेंद्र पुराणिक, निवडून आला होता, बाबांना हे ऐकून बरं वाटेल.

आता औषधं, आणि हे नीट वाचा. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एक महिन्याची सोबत नेता येतात, त्यापेक्षा जास्त असतील तर आधी परवानगी काढावी लागते, तिला युन्यू काकुनिन-शो म्हणतात. तुमचा मुक्काम तीन महिन्यांचा, म्हणजे बाबांच्या बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्यांना ती लागणार. अर्ज मी ऑनलाइन करते, पण त्यासाठी डॉक्टरांचं इंग्रजीतलं प्रिस्क्रिप्शन पाहिजे ज्यात कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव, ताकद, दिवसाला किती आणि एकूण किती असं सगळं हवं. गोळ्या डब्यात मोकळ्या भरू नका, आईची ती सोमवार-मंगळवारची डबी रिकामी आणा, गोळ्या स्ट्रिपमध्येच राहू द्या. आणि मेडिकलवाल्याकडून सर्दी-खोकल्याचं काहीही उचलून बॅगेत टाकू नका. सर्दीच्या काही गोळ्यांमध्ये सुडोएफेड्रिन असतं, ठराविक प्रमाणापेक्षा जास्त असलं तर जपानमध्ये सरळ बंदी आहे, आपल्याकडे साधी वाटणारी गोळी तिकडे ड्रग्जच्या कायद्यात येते. खोकल्याच्या कोडीनवाल्या बाटलीचंही तसंच, नकोच. सर्दी झाली तर तिकडचं औषध मी देईन.

बाबा, आता तुमच्याशी. मागच्या दिवाळीनंतर तुम्ही बाथरूममध्ये चक्कर येऊन पडलात ते मला दीड महिन्याने शेजारच्या काकूंकडून कळलं. पोरगी लांब आहे, उगाच काळजी करेल, म्हणून तुम्ही सांगितलं नाही हे मला कळतं. पण त्या रात्री मी फोन ठेवून जेवू शकले नाही, कारण तेव्हापासून तुम्ही "मी मजेत" म्हणालात की ते खरं आहे का हेच मला कळत नाही. म्हणून हात जोडून सांगते, इन्शुरन्सच्या फॉर्मवर बीपी, शुगर आणि ती चक्कर, तिन्ही लिहा. एजंट म्हणेल लिहू नका, हप्ता वाढतो. वाढू दे, हप्ता मी भरतेय. जुना आजार लपवलाय असं निघालं तर ऐनवेळी क्लेम नाकारतात. माझ्या सरकारी विम्यामुळे दवाखान्यात मला शंभरातले तीसच भरावे लागतात, तुम्ही पाहुणे म्हणून आलेले, तुम्हाला तो विमा मिळत नाही, पूर्ण बिल भरावं लागणार. आधीच्या आजारालाही कव्हर देणारी पॉलिसी मी बघून ठेवलीय, तीच घ्यायची, स्वस्तातली नाही.

आणि तिकडे रात्री छातीत जरा जरी वाटलं तरी मला उठवायचं. मी ऑफिसला असेन तर ११९ लावायचा, ॲम्ब्युलन्स आणि आग दोन्हीला तोच नंबर, म्हणून आधी "क्युक्यू", म्हणजे ॲम्ब्युलन्स हवी, असं म्हणायचं. ॲम्ब्युलन्सला पैसे पडत नाहीत. पोलीस ११०. दाराच्या आतल्या बाजूला जपानीत पत्ता मी चिकटवून ठेवलाय, तो फोनवर वाचता यावा म्हणून खाली देवनागरीतही लिहिलाय.

उतरल्यावर इमिग्रेशनला फोटो आणि दोन्ही हातांच्या तर्जनीचे ठसे घेतात, जवळजवळ सगळ्याच परदेशी लोकांचे. बाबा, टॉवेल कारखान्यात इतकी वर्षं सूत हाताळून तुमच्या बोटांच्या रेषा झिजल्यात, बँकेत केवायसीच्या वेळी चार चार वेळा अंगठा लावावा लागतो. तिथेही पहिल्यांदा उमटला नाही तर घाबरू नका, बोट पुसा, परत ठेवा, ते लोक घाई करत नाहीत. पासपोर्टवर जे स्टिकर लावतील ते सांभाळा, आणि पासपोर्ट कायम अंगावर ठेवायचा, घरी ठेवून बाहेर पडायचं नाही, पोलीस विचारू शकतात. मी माझं कार्ड तसंच बाळगते.

बाकी रोजचं सांगते पटापट. घड्याळ साडेतीन तास पुढे. वीज १०० व्होल्ट, आपला मिक्सर, इस्त्री, आईची शेकायची गरम पिशवी काही चालणार नाही, आणू नका. नळाचं पाणी तसंच प्यायचं, आणि चोवीस तास येतं, आई, चार-पाच दिवसांनी नळ येईल म्हणून पिंप भरून ठेवायची तुझी सवय तिथे तीन महिने सुट्टीवर. एप्रिलमध्ये इकडे चाळीसच्या वर जातं, तिकडे सकाळी दहा-बारा असतं, स्वेटर आणि पायमोजे हवेतच. टिप द्यायची नाही, कुणाला म्हणजे कुणालाच नाही. ट्रेनमध्ये फोनवर बोलत नाहीत, बाबांचा आवाज मोठा लागतो म्हणून मी आधीच सांगतेय, फोन आला तर कट करा, उतरून बोला. रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळजवळ नसतात, कागद-साल पिशवीत घालून घरी आणायचं.

खाण्याचं मात्र जपून. दिसायला शाकाहारी असलं तरी रस्सा, सूप, नूडल्स यात दाशी असते, म्हणजे बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाचं पाणी. बाहेर गेलो की मी विचारेनच, पण पाठ करून ठेवा: "निकु तो साकाना वा ताबेमासेन", मांस आणि मासे खात नाही. आईला उपवासाच्या दिवशी रताळं मिळेल, भाजलेलं गरम रताळं दुकानात ठेवलेलं असतं आणि इतकं गोड असतं की साखर घातलीय असं वाटतं.

भूकंपाचं. किल्लारीच्या वेळी, ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक नुकतेच झोपलेले, पहाटे चारच्या आधी सगळं हादरलं आणि बाबा मला दुपट्यासकट उचलून अंगणात पळाले, हे मी आजीकडून शंभरदा ऐकलंय. तिकडे पळायचं नाही. किल्लारीची घरं दगड-मातीच्या जड भिंतींची होती, म्हणून घरांनीच माणसं गाडली. जपानने १९८१ मध्ये बांधकामाचे नियम कडक केले, माझी बिल्डिंग त्यानंतरची आहे, ती डुलते पण उभी राहते. फोन जोरात वाजून "जिशिन", म्हणजे भूकंप, असं ओरडला की टेबलाखाली जायचं, डोकं झाकायचं, थांबलं की दार उघडून ठेवायचं. बाहेर काचा पडतात, म्हणून लगेच बाहेर नाही.

शेजाऱ्यांसाठी भेट काय आणायची असं आईने विचारलेलं. टॉवेल आणा. खरंच. तिकडे नवीन बिऱ्हाड आलं की शेजाऱ्यांना टॉवेल द्यायची पद्धत आहे, आणि जपानचं टॉवेलचं गाव म्हणजे इमाबारी, शिकोकू बेटावर, टॉवेलसाठी आपल्या सोलापूरसारखंच नावाजलेलं. बाबांना मी तिथे नेणार आहे, टॉवेलचं म्युझियम आहे. शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, ओकायामा आणि तिथून समुद्रावरचा पूल ओलांडून दुसरी गाडी. पाहुण्यांसाठी रेल्वेचा पास असतो तो तुम्हाला मिळेल, मला मिळणार नाही, मी तिथली रहिवासी. चादर एकच आणा, माझ्यासाठी, मोराची.

आणि आईसाठी टोकियोतलं उएनो. तिथे मोठ्या तळ्याच्या मधोमध देऊळ आहे, पुलावरून चालत जायचं, देवी बेंझाइतेन, म्हणजे मूळची आपली सरस्वतीच. पहिल्या वर्षी गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसात मी एकटीच तिथे गेले होते, कडेला सुकलेल्या कमळाच्या काड्या, मधे देऊळ, आणि मला सिद्धेश्वराचं तळं इतकं आठवलं की तिथेच कठड्याला धरून रडले. हेसुद्धा मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. म्हणजे लपवण्यात मीही आहेच, आता नाही करणार.

शेवटचं, हरवण्याचं. मी सहा वर्षांची असताना होम मैदानावर पाळण्यांपाशी हरवले होते, लाउडस्पीकरवर माझं नाव पुकारलं आणि नंतर बाबांनी सांगितलं की चुकामूक झाली तर शोधत फिरायचं नाही, आहे तिथेच उभं राहायचं. तेच आता तुम्हाला. शिंजुकू स्टेशनला २०० च्या वर दारं आहेत, एकदा भलत्या दाराने बाहेर पडलात की मला सापडायला तास लागेल. हात सुटला तर तिथेच थांबा, भिंतीला लागून. कोबान म्हणजे कोपऱ्यावरची छोटी पोलीस चौकी, तिथे माझ्या हातचं जपानीतलं कार्ड दाखवा, बोलायची गरज नाही. ती कार्डं चार केलीत, बाबांच्या खिशात, आईच्या पर्समध्ये, आणि दोघांच्या स्वेटरच्या आतल्या खिशात शिवून ठेवायची.

उद्या सकाळी बाबांच्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपचे फोटो पाठवा, मागची बाजू, नाव आणि एमजी वाचता येईल असे, खिडकीपाशी उजेडात काढा. आईच्या गुडघ्याची जी गोळी आहे तीही, ती अधूनमधूनच घेते म्हणून सोडू नका.

तुमची,
छकुली